लॉकमधून नॅरोबोट नेताना: दरवाज्याला धक्का न लावता वर कसं चढायचं, खाली कसं उतरायचं

बडोद्याहून इंग्लंडमधल्या लेस्टरला मुलांकडे जाणारी मराठी घरं आता बरीच झाली आहेत. त्यातली काहीजण तिथे आठवडाभर नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची लांब, अरुंद नाव, भाड्याने घेतात. परत आल्यावर फोटो दाखवतात, आणि मग बोलता बोलता कळतं की अनामत रक्कम कापली गेली. कारणं ऐकली की ती ठरलेलीच निघतात. दरवाजा उघडेना म्हणून नावेच्या नाकाने ढकलला. पॅडल हाताने खाली न आणता धाडकन सोडलं. खाली उतरताना नाव मागे सरकली आणि सिलवर टेकली. या तिन्ही चुका चालवणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा क्रमाच्या आहेत, म्हणून हा लेख क्रमानेच लिहितो आहे.

आधी एक चित्र मनातून पुसा. आपल्या नर्मदा कालव्यावरचे दरवाजे पाणी किती सोडायचं ते ठरवतात. लॉकचं काम वेगळं. कालव्याची पातळी जिथे बदलते तिथे नावेपुरता एक हौद बांधलेला असतो, त्याच्या दोन्ही टोकांना दरवाजे. हे दरवाजे वाड्याच्या दारासारखे एका बाजूच्या खांबावर फिरतात. हौदात पाणी भरलं की नाव वर येते, सोडलं की खाली जाते. पाणी आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या झडपांना पॅडल म्हणतात, ती फिरवायच्या इंग्रजी एल आकाराच्या लोखंडी हँडलला विंडलास, आणि दरवाजा ढकलायच्या लांब तुळईला बॅलन्स बीम. वरच्या दरवाज्याच्या पायाशी हौदात पुढे आलेला दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा म्हणजे सिल. एवढे शब्द पुरतात.

दरवाजा उघडायचं काम पाण्याचं आहे. कुकरचं झाकण जसं आतली वाफ गेल्याशिवाय निघत नाही, तसा लॉकचा दरवाजा दोन्ही बाजूंचं पाणी समान झाल्याशिवाय हलत नाही. ७ फूट रुंदीचा दरवाजा धरा, कमी बाजूला ५ फूट पाणी धरा. दोन बाजूंत फक्त १० सेंटिमीटरचा फरक उरला असेल तरी त्या दरवाज्यावर सुमारे ३३५ किलोचा रेटा असतो. तोच फरक २ सेंटिमीटरवर आला की रेटा सुमारे ६५ किलो, आणि बीम लांब असल्यामुळे तुमच्या पाठीला त्यातला थोडाच जाणवतो. म्हणजे जे काम दोन मिनिटांनी एकटी काकू करू शकते, त्यासाठी आधी चार पुरुष घामाघूम होतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, "नाव लावा, ढकला."

नाव १५ टनांच्या आसपास असते. चालण्याच्या वेगानेही ती भरलेल्या ट्रकसारखी आदळते. दरवाजे बहुधा ओकच्या लाकडाचे, त्या त्या लॉकच्या मापाने बनवलेले असतात. ब्रॅडली आणि स्टॅनली फेरी इथल्या कार्यशाळांत ते तयार होतात आणि साधारण २५ वर्षं टिकावेत अशी अपेक्षा असते. एक मोडला तर तो बसेपर्यंत अख्खा मार्ग बंद राहू शकतो.

१. बडोद्यातच करायची तयारी

दोरीचा सराव इथे घरी होतो, तो करूनच जा. मांडवीच्या बाजारातून बोटाएवढ्या जाडीची १० मीटर दोरी आणा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या लोखंडी खांबाला बोलार्ड समजा. लॉकच्या काठावर असे ठेंगणे खांब असतात. दोरी त्याभोवती एक वेढा देऊन टोक हातात धरा, आणि दुसरं टोक कोणाला तरी ओढायला सांगा. एका वेढ्याने केवढा भार पेलतो ते तेव्हाच कळतं. गाठ मारायची नाही. बडोद्याच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे: उत्तरायणात पतंगाला ढील देता ना, तीच सवय. नाव खाली जाऊ लागली की ढील, वर येऊ लागली की अलगद खेच.

दोरी हाताच्या मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नका. हे सवयीने होतं, म्हणून सरावात एकमेकांना टोका.

कामं वाटून घ्या. सुकाणूवर एक, विंडलास घेऊन काठावर दोन, दोरीवर एक. निर्णय सुकाणूवरच्याचा. पॅडल कधी उघडायचं ते तोच सांगणार, मग तो घरातला धाकटा असला तरी. आमच्या पहिल्या फेरीत हे ठरलं नव्हतं आणि काठावरून तिघे तीन गोष्टी सांगत होते.

हाताच्या खुणा ठरवा. पाण्याचा आवाज इतका असतो की "अहो, मागं बघा" हे "अहो, पुढं या" असं ऐकू येतं, आणि आमच्या एका ओळखीच्यांची नाव अशीच पुढे जाऊन दरवाज्यावर बसली. चार खुणा पुरतात: पॅडल उघडा, अर्धंच उघडा, बंद करा, आणि सगळं थांबवा. शेवटची खूण दोन्ही हात डोक्यावर फुली करून. ही मुलांनाही शिकवा, कारण घसरणारी नाव बऱ्याचदा मुलांनाच आधी दिसते.

कपडे आणि पायताण: ओढणी, साडीचा पदर, सैल मफलर पॅडलच्या दात्यांत अडकतो. लॉकवर उतरताना पंजाबी ड्रेसची ओढणी नावेत ठेवा. चपला नकोत. दरवाज्यावरची पायवाट ओली आणि शेवाळलेली असते, म्हणून पकड असलेले बूट हवेत.

२. नाव ताब्यात घेताना

देणारा माणूस अर्धा तास दाखवतो, आणि आपण त्या वेळी स्वयंपाकघरातली भांडी बघत असतो. सुकाणू धरणाऱ्याने त्याच्याजवळून हलू नये. या गोष्टी प्रत्यक्ष करून पाहा:

- टिलर (सुकाणूचा दांडा) डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे जाते. दहा मिनिटं रिकाम्या पाण्यात हेच करा.
- नावेला ब्रेक नाही. थांबवायला रिव्हर्स गिअर, आणि रिव्हर्समध्ये नाव सरळ राहत नाही. पूर्ण वेगाने येऊन लॉकसमोर थांबू असं समजू नका. कालव्यावर वेगाची कमाल मर्यादा ताशी ४ मैल असली तरी लॉकजवळ त्याहून बरंच हळू.
- विंडलास दोन मागून घ्या, एक पाण्यात पडतोच. हँडकफ की लागणार का तेही विचारा. काही शहरी लॉक्सवर पॅडलला कुलूपवजा अडसर असतो.
- बाजूला लटकणारे रबरी फेंडर वर घ्यायला सांगितलंय का ते पाहा. अरुंद लॉक ७ फुटांचं आणि नाव ६ फूट १० इंचांची. दोन्ही बाजू मिळून जागा २ इंच. त्यात फेंडर लोंबता राहिला की नाव अडकून तिरकी होते.

तपासा: पुढची, मधली आणि मागची अशा तिन्ही दोऱ्या गुंता न होता निघतात का? मधल्या दोरीचं टोक नावेच्या पंख्यापर्यंत (प्रोपेलर) पोचेल इतकं लांब नको. ती पाण्यात पडली तर पंख्यात गुंडाळते आणि इंजिन बंद पडतं, तेही नेमकं लॉकच्या तोंडाशी.

३. लॉकच्या आधी थांबा

लॉकच्या अलीकडे बांधलेला काठ असतो, लॉक लँडिंग. तिथेच नाव लावा. दरवाज्यासमोर तरंगत उभं राहायला जाऊ नका. लॉक रिकामं होतं तेव्हा खालच्या दरवाज्यातून जोरात पाणी बाहेर येतं आणि समोरची नाव भलतीकडे ढकलतं.

काठावरचे दोघे पायी पुढे जातात आणि तीन गोष्टी पाहतात. समोरून कोणी येतंय का? लॉक भरलंय की रिकामं? दोन्ही टोकांची पॅडलं बंद आहेत का?

समोरून येणाऱ्याला लॉकची स्थिती सोयीची असेल तर ते त्याला द्या. लॉक तुमच्यासाठी उलटवलंत, म्हणजे भरलेलं रिकामं किंवा रिकामं भरलं केलंत, तर एक अख्खा हौद पाणी वाया जातं. अरुंद लॉकचाही तो लाखभर लिटरहून जास्त असतो. उन्हाळ्यात वरचा टप्पा कोरडा पडला की नावा चिखलात बसतात.

इथे एक साधा गोंधळ होतो: वर कुठलं, खाली कुठलं? नवख्याला दोन्ही दरवाजे सारखे वाटतात. खालचे दरवाजे हौदाच्या पूर्ण खोलीइतके उंच असतात, वरचे ठेंगणे. बीमची टोकं पांढरी रंगवलेली असतात, ती फक्त नजरेस पडावीत म्हणून. त्यावरून वर-खाली ओळखू नका.

४. वर चढताना

लॉक भरलेलं असेल तर आधी रिकामं करा. वरचे दरवाजे आणि पॅडलं बंद आहेत हे हाताने चाचपून पाहा, मग खालची पॅडलं उघडा. पातळी समान झाली की खालचा दरवाजा उघडा.

नाव आत घेताना दरवाजा भिंतीतल्या खाचेत पूर्ण गेला आहे का ते पाहा. अर्धवट उघडा राहिला असेल तर मागे फांदी, टायर किंवा बाटल्यांचा ढीग असतो. नावेने दाबून तो जागी बसवायचा मोह सगळ्यांनाच होतो. करू नका. नावेवरचा लांब दांडा खाली घालून कचरा ओढून काढा. दोन मिनिटं जातात, दरवाज्याची सांधलेली कड वाचते.

आत आल्यावर खालचा दरवाजा बंद करा, आणि खालची पॅडलंही बंद करा. हे विसरलात तर वरून भरलेलं पाणी खालून जातं, पातळी अर्ध्यावर अडकते आणि कोणालाच कळत नाही की का. "लॉक भरतच नाही" अशी तक्रार घेऊन आलेल्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

दरवाजा ढकलताना बीमला पाठ लावून, पाय जमिनीतल्या विटांच्या उभारांवर रोवून, हळूहळू चाला. हाताने झटका देऊ नका. तो बंद होताना आपटू देऊ नका, शेवटचा फूटभर अंतर बीम धरून सोडा. काहीजण दरवाजा थोडा उघडा ठेवून दुसऱ्या टोकाचं पॅडल उघडतात आणि पाण्याच्या लोटाने तो धाडकन बंद करवतात. त्या एका आवाजात दरवाज्याच्या टोकाला आणि खांबाला जे बसतं, ते वर्षभराच्या नीट वापरातून बसत नाही.

आता वरची पॅडलं. जमिनीतली पॅडलं आधी, दरवाज्यातली नंतर. दरवाज्यातून येणारं पाणी धबधब्यासारखं नावेच्या पुढच्या भागात पडतं. ती झडप पाण्याखाली बुडेपर्यंत तिला हात लावू नका. पहिल्यांदा अर्ध्यापर्यंतच उघडा, सुकाणूवरच्याची खूण पाहा, मग पुढे.

या वेळी नाव मागे-पुढे ओढली जाते. सुकाणूवरच्याचा हात गिअरवर असलाच पाहिजे आणि नजर नाकावर. वरच्या दरवाज्यापासून नाक थोडं मागे ठेवा. दरवाज्यावर लाकडी पट्ट्या आणि लोखंडी कड्या पुढे आलेल्या असतात. नाक त्यांच्याखाली गेलं तर वर येणारं पाणी नावेचं तोंड दाबून ठेवतं आणि मागचा भाग वर उचलतो. आमचं हे एकदा झालं आहे. पट्टीतून करकर आवाज आला तेव्हा आधी वाटलं नाव घासते आहे. प्रत्यक्षात दरवाज्याची पट्टी उखडत होती. लगेच "सगळं थांबवा" केलं, पॅडलं बंद केली, खालचं पॅडल थोडं उघडून पातळी उतरवली आणि नाव मागे घेतली. पट्टीचं नुकसान आम्ही भरलं.

पाणी समान झालं हे कसं ओळखायचं? कडेने येणारा पाण्याचा आवाज थांबतो. बीमला हलका रेटा दिला की दरवाजा स्वतःहून सैल पडल्यासारखा हलतो. न हलल्यास पाठ काढा, थांबा. पुन्हा रेटा. धीर इथेच लागतो.

५. पॅडल खाली आणण्याची पद्धत

यावर वेगळा टप्पा लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

विंडलास घट्ट बसवा, किंचित वर फिरवून भार उचला, अडकवणी (दात्यात अडकलेली लोखंडी जीभ) दुसऱ्या हाताने वर घ्या, आणि मग विंडलास उलटा फिरवत पॅडल हाताच्या ताब्यात खाली आणा. पूर्ण खाली आलं की विंडलास काढून घ्या.

अडकवणी काढून पॅडल मोकळं सोडलं की ते वेगाने खाली आदळतं. दाते, दांडी, झडपेची बैठक, सगळ्यांवर घाव पडतो. पुढच्या नावेला ते पॅडल घट्ट बसत नाही आणि लॉक गळत राहतं.

सावध: विंडलास पॅडलवर बसवलेला असताना क्षणभरही सोडून फिरू नका. अडकवणी निसटली तर तो भिंगरीसारखा फिरत सुटतो आणि हाताची हाडं मोडतात. लहान मुलाच्या हातात तो देऊ नका, कितीही हट्ट केला तरी.

६. खाली उतरताना

चढण्यापेक्षा उतरणं शांत वाटतं, म्हणून माणूस गाफील राहतो. मोठे अपघात इथेच होतात.

लॉक भरलेलं, वरचा दरवाजा उघडा, नाव आत घ्या, दरवाजा बंद, वरची पॅडलं बंद. आता काठावर सिलची खूण शोधा. बहुतेक ठिकाणी पांढरी रेघ आणि शब्द रंगवलेला असतो. नावेचा मागचा भाग, सुकाणूसकट, त्या रेघेच्या पुढे असलाच पाहिजे. पाणी भरलेलं असताना सिल दिसत नाही, म्हणून ती रेघच तुमचा डोळा. पाणी उतरलं आणि मागचा भाग सिलवर टेकला तर नाक खाली, शेपूट वर, आणि पुढच्या दारातून पाणी आत. नाव काही मिनिटांत बुडू शकते.

सुकाणूवरच्याने वळून मागे पाहत राहायचं. पुढे नाक खालच्या दरवाज्याच्या आडव्या पट्टीवर बसत नाही ना, हे दोरीवरच्याने पाहायचं.

दोरी बोलार्डला बांधलेली नको. गच्चीवर शिकलात तशी एक वेढा आणि हातात टोक. बांधलेल्या दोरीवर नाव लटकते.

खालचं पॅडल अर्धं उघडा, थांबा, पाहा. सगळं ठीक असेल तर पूर्ण.

नाव तिरकी होऊ लागली, टेकली किंवा अडकली तर काय करायचं हे आधीच तोंडपाठ हवं: पहिल्यांदा खालची पॅडलं बंद. मगच वरची पॅडलं हळू उघडून पाणी पुन्हा भरा, नाव स्वतःहून सुटेल. घाबरलेली माणसं आधी नाव ढकलायला जातात आणि पॅडल उघडंच राहतं. आत कोणी असेल तर त्यांना बाहेर, काठावर आणा. माणूस पाण्यात पडला असेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये किंवा बंद, पॅडलं बंद, आणि तरंगणारी कडी फेका. उडी मारू नका.

७. रुंद लॉक आणि फॉक्सटन

लेस्टरहून दक्षिणेकडे फॉक्सटनपर्यंतची लॉक्स १४ फूट रुंद आहेत. म्हणजे दोन नॅरोबोटी शेजारी बसतात. सोबत कोणी नाव असेल तर एकत्र जा, पाणी वाचतं आणि नावा एकमेकींना धरून राहतात. एकटेच असाल तर नाव एका भिंतीला दोरीने धरून ठेवा आणि चढताना त्याच बाजूचं जमिनीतलं पॅडल आधी उघडा. पाणी नावेखालून समोरच्या भिंतीवर जाऊन परत येतं आणि नाव भिंतीला दाबून धरतं. उलट बाजूचं उघडलंत तर नाव लॉकभर भटकते.

रुंद लॉकचे दोन दरवाजे मधोमध टोकदार कोनात मिळतात. एक आधी बंद करून दुसरा ओढायला गेलात की पहिला परत उघडतो. दोन्ही बाजूंना एकेक माणूस ठेवा आणि बरोबरीने चाला. एका बाजूहून दुसरीकडे जायला अर्धवट उघड्या दरवाज्यांवरून उडी मारू नका. फेरा पडला तरी पूल किंवा बंद दरवाजा वापरा, कठडा धरून.

फॉक्सटनला १० लॉक्स आहेत, पाच-पाचच्या दोन रांगा, एका लॉकचा वरचा दरवाजा हाच पुढच्याचा खालचा. चढ ७५ फूट. इथली लॉक्स पुन्हा अरुंद. खाली पोचलात की नाव लावून आधी पायी वर जाऊन लॉककीपरला भेटा. त्याच्या परवानगीशिवाय एकही पॅडल उघडू नका, कारण वरून कोणी उतरत असेल तर मध्ये गाठ पडते आणि मागे जाणं फार अवघड होतं. पॅडलं लाल आणि पांढरी अशी रंगवलेली आहेत: प्रत्येक ठिकाणी लाल आधी, मग पांढरं. उलट केलंत तर पाणी काठावरून वाहायला लागतं.

८. लॉक सोडताना आणि काही बिघडलंच तर

बाहेर पडतानाही नाव हळू. मागचा भाग दरवाज्याच्या कडेला लागण्याची वेळ ही असते, कारण सगळ्यांचं लक्ष पुढे गेलेलं असतं. नाव बाहेर आली की दरवाजे बंद, पॅडलं खाली, आणि शेवटचा माणूस लॉकभोवती एक फेरी मारून चारही ठिकाणी पॅडल खाली आहे हे पाहून मगच नावेत चढतो. फक्त समोरून नाव आत येत असेल तर दरवाजा तिच्यासाठी उघडा ठेवा.

दरवाज्याला लागलंच तर पुढे निघून जाऊ नका. नाव लँडिंगला बांधा, फोटो काढा, लॉकचा क्रमांक लिहून घ्या, तो काठावरच्या पाटीवर असतो. ज्यांच्याकडून नाव घेतली त्यांना आणि कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टला फोन करा. दरवाजा गळत असेल किंवा पॅडल खाली बसत नसेल तर त्या लॉकमधून दुसरी नाव घालू देऊ नका. मागून येणाऱ्यांना थांबवून सांगा, आणि मदत येईपर्यंत वरची व खालची जी पॅडलं नीट बसतात ती बंद ठेवून तिथेच उभे राहा.